तीन अंकी रकाना

झुझुनाने फ्लॉप्या रुमालात बांधून आणल्या.
चार. एकीवर बुरशीचा गोल डाग.
वर मूठभर हेझलनट, "हे तुझ्या कामाचे."
ओझुर्गेतीत माझं दुकान मोबाइलच्या काचा बदलायचं,
पण गावात बोलवा आहे, गिगा जुनं उघडतो.

चहाचा कारखाना बंद पडला तेव्हा मी रांगत होतो.
मला ठाऊक आहे ते त्याचं छप्पर,
त्यातून डोकं काढलेलं एक झाड,
आणि उतारावरचे मळे, नेच्यांनी गिळलेले.
पेन्शनच्या कचेरीला पुरावा हवाय
की ही बाई खरंच पानं खुडायची.
वालिको हिशेबनीस वारला.
कागद त्या बिनविजेच्या हिवाळ्यात चुलीत गेले,
सगळ्यांचेच गेले.
राहिल्या ह्या.

नव्या प्रोग्रामने फाइल हुंगली
आणि तोंड फिरवलं.
मग मी संगणकाच्या पोटात एक म्हातारा संगणक बसवला,
निळ्या पडद्याचा, माउस म्हणजे काय ते न कळणारा.
त्याच्यात जुनं ऑफिस टाकायचं तर
तो दारावरच्या पोरासारखा अडवतो:
दुसरी घाला. तिसरी घाला. अनुक्रमांक सांगा.
अनुक्रमांक लेबलच्या मागे होता,
पेन्सिलीने, सुवाच्य.
वालिकोला मी कधी पाहिलं नाही.
त्याने मात्र मला धरून चाललं होतं.

फाइल उघडली. नावांच्या जागी कचरा,
प्रश्नचिन्हं, तुटके कंस, अर्धे डॉलर.
त्याचा फॉन्ट चौथ्या फ्लॉपीत निघाला, बुरशीवाल्या,
घरीच बनवलेला; त्यातला 'घ' जरा लंगडतो.
तो बसवला, आणि
त्सियाला. एमा. गुगुली. पुन्हा एक एमा.
झुझुना, खालून सातवी, अकरा किलो चारशे.
तिने पडद्याला बोट लावलं.
"ही दुसरी एमा. माझ्या ओळीतली पानं पळवायची.
बावीस किलो कुठून आणणार एकटी?"

शेवटच्या रकान्यात आकडे नव्हते.
नुसत्या चांदण्या, वरपासून खालपर्यंत,
प्रत्येक नावापुढे तीन.
मला वाटलं, फाइल खराब.
तसं नव्हतं. रकाना अरुंद होता.
पगार थकून किती दिवस झाले ते तो मोजतो,
'आज' वजा 'देय तारीख',
आणि वालिकोने त्याला जागा दिली होती
तीन अंकांची.
नऊशे नव्याण्णवच्या पुढे
हिशेब जाईल असं
त्याच्या डोक्यातच आलं नाही.

मी रकाना ओढला.
दहा हजार नऊशे बारा.
दहा हजार नऊशे बारा.
दहा हजार नऊशे बारा.
झुझुना बराच वेळ वाचत राहिली,
जणू ओळीओळीत फरक असणार होता.

रक्कम कूपनमध्ये, बेचाळीस लाख.
लारी आली तेव्हा दहा लाखांची एक झाली,
म्हणजे चार लारी वीस तेत्री.
मी हे तोंडातल्या तोंडात बोललो तरी तिने ऐकलं.
"चारला आता पाव येतात की पावाची पिशवी?"
हसली. मग विचारलं,
"उद्या उघडलंस तर?"
"एक वाढेल."
"म्हणजे वालिको अजून कामावर आहे."

जतन करताना जुना प्रोग्राम अडला:
सूत्रं ठेवायची, की नुसत्या किमती?
कचेरीला किमती लागतात,
मेलेले आकडे, शिक्का मारायला बरे.
त्यांना तशी एक दिली, नव्या स्वरूपात, चार पानं छापून.
दुसरी प्रत ठेवली सूत्रांसकट.
तिचं मला कुणी सांगितलं नव्हतं.

फ्लॉप्या तिने पुन्हा रुमालात बांधल्या,
बुरशीवाली सगळ्यात आत.
दाराशी थांबून म्हणाली,
त्या एमाचे बावीस किलो
कचेरीच्या कागदावर आलेत का?
आलेत, मी म्हणालो.
"असू दे," ती म्हणाली. "असू दे."
हेझलनट कीबोर्डवर राहिले. एक 'एंटर'खाली अडकलाय,
दाबलं की कुरकुरतो.