बिन

बसऱ्याहून नासिरियाच्या रस्त्याला लागलं
की तेलाच्या ज्वाळा मागे पडतात,
मग नुसती फुललेली खारवट माती,
मग एकदम खांब.
कुणी बांधायला घेतलं आणि कंटाळून सोडलं, असे.

शुक्रवार. कंपनीचा पिकअप मागून आणलेला.
खिशात तहसिलीच्या पेन्शनवहीतून उतरवलेलं
सटवाजी बिन बाळोजी निगडे, मौजे जांभूळटेक.
पेन्शन घेणार : बायको. सही : डावा अंगठा.

खबर आली त्या कार्डाचा कोपरा फाटलेला होता.
पोस्टमनने उंबऱ्याबाहेरूनच वाचलं
आणि वाचलं तिथंच फाडलं.
असला कागद घरात ठेवत नाहीत.
म्हणून आमच्याकडे कुंडल्या आहेत, लग्नपत्रिका आहेत,
मरणाची एक ओळ नाही.
राहिली फक्त सरकारने पाठवलेली काशाची चकती,
वर सिंह, कडेने इंग्रजी अक्षरं.
चार पिढ्या ती लोणच्याच्या बरणीवर होती,
मांजराने झाकण पाडू नये म्हणून.
तिच्यावर नाव आहे, ठिकाण नाही.

ठिकाण इथे आहे.

राखणदार अबू काझिम,
पोराच्या नावाने ओळखला जाणारा माणूस.
त्याला मी कागद वाचून दाखवला.
सटवाजी कळेना, बाळोजी कळेना,
मधला बिन कळला.
बिन, बिन, म्हणत त्याने माझा खांदा थोपटला,
जणू निम्मा माणूस सापडलाच.
मला शाळेतला बिन आठवला :
बिनपगारी, बिनबोभाट, बिनकामाचा.
त्याच्याकडे बिन म्हणजे कुणाचा तरी.

दगडावर साहेब होते. नावानिशी.
सुभेदार होते, जमादार होते.
खाली मराठ्यांची पलटण,
आणि तिच्याखाली : आणि इतर शिपाई.
पुढे आकडा.

मी आकड्यावर बोट ठेवलं.
दगड तव्यासारखा तापलेला.
पणजोबा, कुठल्या घरात आहात तुम्ही,
एककाच्या, दशकाच्या?

परतताना अबू काझिमला त्याच्या गल्लीत सोडलं.
भिंतीवर काळं कापड, पिवळी अक्षरं.
ऐंशीच्या लढाईत गेलेला भाऊ.
हाडं गेल्या साली मिळाली, तेव्हा कापड लावलं.
उन्हाने आता ते राखाडी झालंय.
काढत का नाही, हे विचारायला
माझी अरबी पुरली नाही.
माझी अरबी फक्त कचेरीपुरती :
मयत, तारीख, वारस.
हे तिन्ही शब्द घरूनच आणलेत.
कॅम्पातला कुणी गेला की कागद मी करतो,
आणि पेटीवर नाव तीन बाजूंनी लिहितो,
जाड स्केचपेनने, बापासकट.
विमानतळावरचा माणूस म्हणतो, एकदा पुरे.

दगडाचा फोटो घरी पाठवला.
काकांनी विचारलं, यात आपला कुठला?
मी लिहिलं, शेवटून दुसरा अंक.
मग ते पुसलं.
वडील बराच वेळ टाइप करत होते.
आलं ते एवढंच :
कळलं ना? मग आंघोळ कर.

शंभर वर्षांनी कळलं तरी सुतक असतं का,
हे मी विचारलं नाही.
उन्हाळ्यात नदी उतरली की
आखात उलटं चढून येतं,
खाडीतून कालव्यात, कालव्यातून टाकीत,
कॅम्पाच्या नळाला समुद्राची चव लागते.
साबणाला फेस येत नाही.
तशीच बादली भरली.
घरात कुणी दक्षिणेकडे तोंड करायला सांगितलं होतं;
दक्षिण कुठली, ते मोबाइलवर पाहिलं.
पहिला तांब्या डोक्यावर ओतला,
ओठांवर मीठ आलं.
दुसऱ्याला ओंजळ धरली,
सटवाजी म्हटलं, बिन म्हटलं,

आणि पाणी गेलं.