टेबलाची उंची

दुकानातल्या खुर्च्या सगळ्या पांढऱ्या.
एकीला चाकं, एकीला खेळण्यांची कमान,
एक घडी होऊन भिंतीला टेकणारी, शहाण्या पाहुण्यासारखी.
इल्विया प्रत्येकीच्या सांध्यात नख घालून बघते:
इथे लापशी अडकेल. इथेही. इथे तर मुंग्यांची सोयच आहे.
ती ट्राम चालवते. दिवसभर रुळांच्या खाचा बघून
तिला आधी फटीच दिसतात.

मी बघतो पाय.
खोक्यावरच्या फोटोतलं बाळ हसतंय, पण पाय अधांतरी.
नर्स म्हणाली होती, पाय टेकले पाहिजेत,
पायाला आधार नसला तर गिळायलाही धीर होत नाही.
मला पटलं. मी रात्रभर बेकरीत कणीक मळतो,
टाच हलली की मनगटातला जोर जातो.

आउस्मा साडेसहा महिन्यांची.
मान धरते. बसते, कलते, पुन्हा बसते.
आमच्यापैकी कुणीही खात असलं की चमच्यामागे तिचे डोळे,
ताटलीपासून तोंडापर्यंत, तोंडापासून ताटलीपर्यंत,
गल्ल्याचा हिशेब तपासणाऱ्या कारकुनासारखे.
तिच्यासमोर खाणं म्हणजे आता चोरीच.

मग जिन्यातल्या फळीवर एक चिठ्ठी दिसली:
बाळाची उंच खुर्ची, बीचचं लाकूड, एकाच मुलाने वापरलेली.

पाचवा मजला, लिफ्ट नाही, रीगाचा मार्च, जिन्यात बुटांचा चिखल.
झिद्राबाईंनी खुर्ची ओट्यापाशी मांडून ठेवली होती
आणि खुर्चीत मांजर.
मांजर उठवलं. खाली पायांसाठी फळी,
फळीला तीन खाचा, मूल वाढेल तशी खाली सरकवायची.
पुढच्या कडेवर दातांच्या खुणा.
'आमच्या गुंटिसचे,' बाई म्हणाल्या, 'पहिले चार.'
गुंटिस आता दारातून वाकून येतो म्हणे.
पट्टा? तो कधीच तुटला, नवा लावा, नक्की लावा,
गुंटिस इथून दोनदा उतरला,
एकदा पायांनी, एकदा डोक्यानं.

इल्वियानं नख घातलं. फट नव्हती.

किंमत सांगायच्या आधी बाईंनी विचारलं,
'तुमचं टेबल किती उंच?
हिला स्वतःची ताटली नाही, ही टेबलाला लागते.'

मी इल्वियाकडे पाहिलं. तिनं मांजराकडे.

टेबल नाही आमच्याकडे.
मी पहाटे पाचला येतो, भुवयांसकट पांढरा.
ती सव्वापाचला निघते.
त्या पंधरा मिनिटांत बाळ, किल्ल्या, खोकल्याचं औषध
या हातातून त्या हातात.
ती खिडकीच्या कट्ट्यावर काळी भाकरी खाते, कोट घालून.
मी कढईतूनच, शेगडीपाशी, उभा.
रविवारीही तसंच. सवय.
बूड टेकून जेवायचं राहून गेलं,
ठरवलं कुणीच नव्हतं.

'चौऱ्याहत्तर,' इल्विया म्हणाली.
धडधडीत खोटं, ट्रामचा थांबा पुकारावा तशा आवाजात.
झिद्राबाईंनी फीत काढली, मोजलं, मान हलवली: बसेल.
मग पैसे दिले. मांजर आमच्याकडे बघत राहिलं.

परतीच्या ट्राममध्ये खुर्ची खिडकीशी, माझ्या पट्ट्यानं खांबाला बांधलेली.
समोरून येणाऱ्या ट्रामच्या वाल्डिसनं
इल्वियाला बघून दोनदा घंटा वाजवली.

आता ती स्वयंपाकघराच्या मधोमध आहे, कशालाच न लागलेली.
तिच्यात आउस्मा, गळपट्टी बांधून, दोन्ही टाचा फळीवर,
न्यायाधीश उशिरा आल्यासारखी.
भोपळा शिजवून गाळलेला.
पहिला घास जिभेनं जसा आत गेला तसा बाहेर आला.
दुसरा माझ्या बाहीवर. तिसऱ्याला ती थांबली,
काहीतरी आठवल्यासारखी,
आणि गिळला.

बाकीचा जमिनीवर.
आम्ही दोघं फडकी घेऊन खाली,
आणि खाली बसलोच आहोत तर
तिनं कट्ट्यावरची भाकरी ओढली, मी कढई.
वरून आउस्मा आमचे घास मोजत होती.

नंतर इल्वियानं पिठाची रिकामी पेटी आडवी केली,
वितीनं मोजली, पुन्हा मोजली.
'अठ्ठेचाळीस,' म्हणाली.
'अजून सव्वीस हवेत.'