खोली

हमरियाच्या गोदामात पेट्या उतरल्या त्या दिवशी
बाहेर शेहेचाळीस होतं
आणि प्रत्येक पेटीवर चिकटवलेलं होतं: थंडीपासून जपा.
बिनीश हसायला लागला
तो जेवणाच्या सुट्टीपर्यंत हसतच होता.

लाकडी पेट्या, एकेकीत दगडाच्या चार नळ्या,
मनगटाएवढ्या जाड, करड्या, मधूनच काळ्या.
ग्रीनलंडच्या कुठल्याशा खाडीमागून आलेल्या,
जिथे हेलिकॉप्टर आठवड्यातून एकदा,
तेही वाऱ्याची मर्जी असली तर.

दर तीन मीटरला एक लाकडी ठोकळा,
त्यावर पेन्सिलीने आकडा.
शाई तिथे गोठते म्हणे.
इथे घामाने पसरते,
म्हणून आमच्याही खिशात पेन्सिलच.

शिसपेन्सिल म्हणतो आपण. तिच्यात शिसं कधीच नव्हतं.
बाबा आजऱ्यात सुतारकाम करायचे.
कानामागची चपटी लाल पेन्सिल
रेघ मारण्याआधी जिभेला लावायचे,
आई ओरडायची, शिसं जाईल पोटात.
शिसं नाही गेलं.
भुसा गेला, छातीत, तीस वर्षांचा.

तक्त्यातला पहिला रकाना इंग्रजीत आहे,
मी मनात मराठीत वाचतो.
खोली चोवीस: गुलाबी गारगोटी, तडे.
खोली एकसष्ट: काळं सुरू होतं, बोट लावलं की बोट काळं.
खोली एकशे बारा: चमक,
चुन्याच्या डबीचं झाकण पुसल्यावर येते तशी.
खोली दोनशे चार: अजमान, कामगारांचा कॅम्प,
सहा माणसं, एक एसी,
खिडकी आहे, कपाटामागे.

ठोकळ्यांवरचा हात एकाचाच.
साताच्या पोटात आडवी रेघ, खाली नाव: मालिक.
शमशाद खूश, अपना बंदा है.
मग साहेबांनी सांगितलं, त्यांच्या भाषेत
मालिक म्हणजे लाट.
शमशाद जरा वेळ गप्प बसला,
मग म्हणाला, चलेगा.

एकशे सत्तेचाळीस पूर्णांक तीसच्या ठोकळ्यामागे
आकडा नव्हता, एक ओळ होती:
आज वारा. काम बंद. कॉफीही संपली.
मी करवत थांबवली.
तिच्याखाली पेन्सिलीने लिहिलं, मराठीत,
इकडेही वारा आहे. वाळूचा.
ठोकळे परत जात नसतात, हे मला माहीत होतं.

सात आठवडे कापत होतो.
हिऱ्याची पाती, वर पाण्याची धार,
गटारातून काळं पाणी.
रात्री दोनदा साबण लावूनही
उशीच्या खोळीवर पाच बोटं उमटायची,
आणि घरून फोन आला की स्क्रीनवर अंगठा.

मग निकाल. पापुद्रे फार बारीक,
बॅटरीवाल्यांना चालणार नाहीत.
कंपनीचं पत्र अडीच ओळींचं:
शोध थांबवला आहे. आभार.
उरलेले नमुने टाकून द्यावेत.
मालिकला कोणी कळवलं का, ते पत्रात नव्हतं.

लोडरने सगळं शेडमागे ओतलं,
कुंपणापाशी, जिथे जमीन मिठाने फुगते.
बर्फाखालून उपसलेला दगड
पहिल्याच दुपारी इतका तापला
की हात ठेववेना.
मेसमधली मांजर मात्र संध्याकाळी
ऊब बघून त्यावर झोपायला लागली.
उठली की पोट काळं.

ठोकळा तेवढा मी आणला.
आमचं दार एसीच्या झोताने आपटतं,
त्याला तो अडकवतो.
नवीन आलेला पोरगा, छपऱ्याचा, रघुवंश,
पहिल्या रात्री वाकून आकडा वाचत होता.
भैया, ये एक सौ सैंतालीस
कौन सा कमरा है?

खाली है, मी म्हणालो.

तो समजला रिकामी आहे.
आणि दुसऱ्या दिवशी
खरंच गेला ऑफिसात,
ती मिळेल का विचारायला.