सहाव्या रकान्यात

दिवाळीनंतरच्या सोमवारी संचालक मंडळानं विचारलं,
बाई, नवं सॉफ्टवेअर कशात लिहायचं, एकदाचं सांगून टाका.
टेबलावर पोहे, नागपूरच्या कंपनीची चकचकीत फाइल.
मी म्हटलं, आठ दिवस द्या.

आमचं यंत्र मधल्या चणीचं.
मोठ्या बँकेत शोभायचं नाही, टेबलावर मावायचं नाही.
जिनिंगच्या मागच्या खोलीत, दुहेरी दारांआड,
तरी रुईचा एखादा तंतू पंख्यात सापडतोच.
पेटी दोनदा बदलली. आतले प्रोग्राम तेच,
उमाटे सरांनी आरपीजीत लिहिलेले.

तिफणीच्या काकरात दाणा पडावा
तशी प्रत्येक अक्षराची जागा ठरलेली.
सहाव्या रकान्यात सी पडला नाही
तर गणित उगवतच नाही.
नावाला इंग्रजी सहाच अक्षरं मिळायची,
म्हणून चुकाऱ्यातला एक ए त्यांनी गाळला.
मापारी नेमका मावला.
शेतकऱ्याचे मात्र सगळे स्वर गेले.

नव्व्याण्णव दिवे होते सरांकडे, डोळ्यांना न दिसणारे.
सत्तेचाळीस लागला की कापूस ओला,
साठ लागला की काट्याची तीच चिठ्ठी पुन्हा आली.
कोणता दिवा कशाचा, ते एका डायरीत,
डायरी माझ्या ड्रॉवरमध्ये,
आणि मला निवृत्तीला चार वर्षं.

कंपनीचा बोढे, भला मुलगा.
जावात करू म्हणाला, ब्राउझरमध्ये उघडेल,
मोबाइलवर आवक दिसेल, रंगसुद्धा निवडा.
यात खोटं काहीच नव्हतं.
काट्यावरच्या आसुटकरला आम्ही माऊस देऊन पाहिला.
"बाई, मी तं स्क्रीनकडं पाह्यतच नाई.
डोये बंडीवर, बोट एफ सहावर.
आता डोये कुठं ठेवू, सांगा."

मग मागच्या हंगामातले चारशे बारा चुकारे
दोन्हीकडून काढले.
एकेचाळीस पैशांचा फरक.
बोढे हसला नाही.
एकेचाळीस पैशांसाठी रात्री अकरापर्यंत बसला,
बाहेर बंड्यांची रांग, बैलांचा रवंथ,
कुणीतरी पऱ्हाटीचा जाळ केलेला.
चूक सापडल्यावर म्हणाला,
मॅडम, हा त्रेपन्नाव्या रकान्यातला एच कशाला?
अर्धा पैसा वर सरकवायला, मी म्हटलं.
कुणाकडे?
ज्याची बंडी त्याच्याकडे.
तो थोडा वेळ गप्प. मग : हे मला शिकवाल?

अहवाल दीड पानाचा झाला.
हिशेब आरपीजीतच ठेवावा, पण नव्या मोकळ्या रीतीनं,
जिथं रकाने मोजावे लागत नाहीत
आणि शेतकऱ्याला त्याचे स्वर परत देता येतात.
बाहेरचं तोंड जावाचं.
काट्यावर हिरवी स्क्रीनच राहील.
शेवटी एक ओळ घातली :
हा प्रोग्राम इथं राहणाऱ्या निदान दोन माणसांना
वाचता आला पाहिजे.
अध्यक्षांनी लाल पेनानं तेवढीच खोडली.
समासात लिहिलं, तांत्रिक बाब नाही.

डायरीची झेरॉक्स काढायला बोढे चौकात गेला होता.
परत आला तो शेवटच्या पानावर बोट ठेवून :
शंभरावा दिवा, एल आर.
हा लावला नाही तर प्रोग्राम थांबतो,
पण स्मृतीतून उतरत नाही.
खाली सरांचं पेन्सिलीतलं अक्षर,
घरी जाताना लावणे.

त्यानं विचारलं, सर आता कुठं असतात?
मी म्हटलं, बस. आधी सहावा रकाना घे.