वजनावर

जिनं तीस वर्षं दुसऱ्यांना ओढून आणलं
तिलाच ओढून आणावी लागली.
पोसलथ्वेटबाईंच्या गोठ्यातून आमच्या दारात,
पुढं भाड्याचा ट्रॅक्टर, ताशी चाळीस पौंड,
मागं ब्रेक नसलेल्या गाडीत मी, स्टिअरिंगवर,
रस्त्यापेक्षा घड्याळाकडेच बघत.

बेडफर्ड, चौऱ्याहत्तर सालची, पाठीवर क्रेन.
दारावर अंगठा टेकला तर अंगठा आत गेला.
अंथरूण पाहून पाय पसरावेत, कबूल,
पण मी अंथरूणच असं आणलं
की कुठूनही पाय बाहेर.

वर्किंग्टनचं वारं खारट.
इथं लोखंड पिकतं. आधी रंगाला फोड येतो,
मग फोड फुटतो, आत सगळं तपकिरी,
पापुद्रे सुटलेले, चहात बुडवायच्या खारीसारखे.

रॉनी कॅपस्टिक आला, भंगारवाला.
टायरला लाथ मारली, खाली वाकला, उठला.
एकशे ऐंशी देतो म्हणाला, वजनावर.
मी म्हणाले, चहा आहे, तो घे आणि जा.
त्यानं चहा घेतला. दोन बिस्किटंही.

सहाशे पौंड. पुठ्ठ्याच्या कारखान्यातल्या
रात्रपाळीचे, गोडा मसाल्याच्या डब्यात.
वहीत दोन रकाने: 'लागतंच' आणि 'चालेल'.
पत्रा: रस्त्यावर टाकलेल्या वॉशिंग मशीनचा. फुकट.
वेल्डिंगची तार: बारा.
काच: सोळा, घासाघीस करून चौदा.
शेजारची सीट: चालेल. दुधाचा क्रेट उलटा घातला.

सहा महिने घासत होते.
हिरव्याखाली निळा, निळ्याखाली पिवळा,
पिवळ्याखाली कुणीतरी ब्रशनं काढलेलं अर्धं नाव
आणि एक फोन नंबर, चारच आकडी.
तेवढा तुकडा तसाच ठेवला.
कारण विचाराल तर पॉलिश पेपर संपला होता.

इंजिन खोकायचं, धरायचं नाही.
मिरजेला फोन लावून बाबांना ऐकवलं.
चौतीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपात,
जमिनीवर पडलेला नट आवाजावरून ओळखणारा माणूस.
ऐकून म्हणाले, तिसरा इंजेक्टर.
इंजेक्टर साठ पौंडांचा. आणला, बसवला.
खोकला तसाच.
मग एअर फिल्टरमध्ये उंदराचं घर सापडलं,
गवत, मेंढीची लोकर, कुणाच्या तरी पावतीच्या चिंध्या.
बाबांना सांगितलं, इंजेक्टरच होता.
म्हणाले, मग, सांगितलं नव्हतं का.
आणि बराच वेळ फोन ठेवला नाही.

शेवटी डब्यात पंच्याऐंशी उरले.
रंग घ्यावा की क्रेनची तार.
तार घेतली.
म्हणून गाडी चार रंगांची, पाचवा वॉशिंग मशीनचा पांढरा.
गल्लीतली पोरं तिला गाय म्हणतात.

जानेवारीत फोन आला, रात्री दहाला.
डिस्टिंग्टनचा चढ, आडवा पाऊस,
छोटी लॉरी, गिअरबॉक्स गेलेला, मागं भंगार.
रॉनी. मोठ्या कंपन्यांनी त्याला
सकाळ सांगितली होती.

हूक लावला. विंच कण्हली, तार ताणली,
क्षणभर दोन्ही गाड्या एकमेकींना ओढत राहिल्या
आणि कोण कुणाला नेणार ते ठरलं नव्हतं.
मग आमची हलली. वर.

रॉनी शेजारी, क्रेटवर, गुडघे हनुवटीशी.
दोन मैल गप्प. मग म्हणाला, किती?
मी म्हणाले, वजनावर.
तो हसला नाही. नोटा मोजल्या, परत मोजल्या,
साठ ठेवले डॅशबोर्डवर.
इंजेक्टर सुटला, मी मनात लिहिलं.

त्याच्या बाजूचं काही दिसत नव्हतं.
डावा वायपर अजून 'चालेल'च्या रकान्यात आहे.
तो बाहीनं काच पुसत बसला, आतून,
पाऊस बाहेर होता तरी.