आठ दिवसांची थंडी

ठाण्यात थंडी आठ दिवस असते.
त्यातले दोन ढगाळ.
उरलेल्या सहांत डायनामावशी चिंचोलकर
आम्हा लग्न न झालेल्यांना गोळा करते.
म्हणते, उन्हाळ्यात कोण कुणाच्या जवळ येतंय,
थंडीत माणूस आपोआप सरकतो.

सिव्हिल हॉस्पिटलसमोर, सिनेगॉगच्या मागच्या हॉलात
(जुनी माणसं अजून मशीदच म्हणतात)
मावशीनं खुर्च्या मांडल्या वीस.
आलो नऊ.
बायका सहा, पुरुष तीन,
तिघांतला एक माझा सख्खा भाऊ,
एक बासष्ट वर्षांचा,
'मी मलिद्यासाठी आलोय' असं दारातच सांगून टाकणारा,
आणि एक मफलरवाला, सारखा घड्याळ बघणारा.

शनिवारी प्रार्थनेला दहा पुरुष जमवताना
शमासला घरोघर फोन करावे लागतात,
तिथं लग्नाला एक कुठून आणायचा.
हे कुणी बोललं नाही.
सगळ्यांनी पोह्यांतलं खोबरं चघळत ठेवलं.

हनुकाची चौथी रात्र. चार दिवे
आणि एक वेगळा, जो बाकीच्यांना पेटवतो
आणि मोजणीत येत नाही.
मावशी तो हातात धरून बराच वेळ उभी.
मेण बोटांवर आलं तरी.
मावशीचं लग्न का झालं नाही
हे आम्ही कधी विचारलं नाही.

मग ओळख. नाव, गाव, काम.
आमच्यात आडनावातच गाव असतं,
गावात आम्ही नसतो.
मी हन्ना झिराडकर. झिराडला एकदाच गेले,
तेही चुकीच्या एस्टीत बसून.
मफलरवाला म्हणाला, निस्सीम पेझारकर.
लिफ्ट दुरुस्त करतो, घोडबंदरच्या टॉवरांत.
अडकलेल्यांना बाहेर काढतो.
'आणि स्वतः?' असं बासष्टवाल्यानं विचारलं,
तेव्हा पहिल्यांदा सगळे हसले.

मी सांगितलं, मी रक्त काढते.
पहाटे पाचपासून, कळवा, खारेगाव, विटावा,
उपाशीपोटी बसलेल्या लोकांच्या घरी.
थंडीत शिरा आत जातात,
हात चोळून, त्यांच्याशी बोलून बाहेर बोलवाव्या लागतात.

नंतर तलावपाळीला दोघंच कसे उरलो कळलं नाही.
भाऊ मधेच पान आणायला गेला,
तो अजून आणतोच आहे.
मासुंद्यावर धुकं नव्हतं, नुसता धूर,
कुणीतरी काठाला पाला जाळत होतं.
भुईमुगाच्या शेंगांचा कागद आमच्यामध्ये.
निस्सीम म्हणाला, मार्चमध्ये अश्दोदला जातोय.
बहीण तिथे आहे. कागद झालेत.
तुम्ही?
मी म्हटलं, आई आहे.
आठवड्याला दोनदा डायलिसिस.
तो 'हं' म्हणाला. त्यात काही नव्हतं,
सांत्वन नाही, घाईही नाही.

मग त्यानं मफलर सोडली, बाही वर केली,
हात पुढे धरला.
बघा, सापडते का.
पस्तीस घरांतले हात मी धरते,
पण कुणाचा असा दिव्याखाली, विनासुई.
गार होता. लिफ्टचं ग्रीस नखात.
अंगठ्यानं चोळला, कोपराच्या खळीत दाबलं, थांबले.
मिळाली, मी म्हटलं.
आणि लगेच सोडता आला नाही.

आज सकाळी अठ्ठावीस डिग्री.
आईनं पंखा एकवर लावून घेतला,
स्वेटर धुवायला टाकायचे म्हणाली.
खुंटीवरची मफलर कुणाची, विचारलं नाही.
दहाला मावशीचा फोन.
काय गं, मग?
मी खिडकी बंद करत म्हटलं,
अजून आहे गं थोडी थंडी.
पहाटेची.