अर्ध्यावर अर्धी

मानकापूर. मे. पहाटेचे साडेपाच.
जुनी जिप्सी दोन घोड्यांवर,
मी खाली, पाठीवर.
सायलेन्सरचा पाइप गंजून विटकरी झालेला,
बादलीत भिजत ठेवलेली काचधाग्याची पट्टी
आणि मोज्याच्या वर, मनगटाला, नुसती खाज.

तीनदा गुंडाळली. तीनदा सुटली.
वळणावर फुगायची, तोंड वासायची.

कुंदा रात्रपाळीहून आली.
मेडिकलच्या प्लास्टर-खोलीत बावीस वर्षं.
डबासुद्धा खाली ठेवला नाही, नुसती वाकली.
"काय करून राहिला गा?
अर्ध्यावर अर्धी चढव.
हाताला नसा असतात, म्हणून जपायचं.
याले कायच्या नसा?
आवळ."

मग तीच आत सरकली,
युनिफॉर्मवर माझा जुना शर्ट घालून.
मी पट्टी सोडत गेलो, ती फिरवत गेली.
पलीकडून तिची बोटं यायची,
पट्टी घेऊन जायची.

चावी फिरवली तसा धूर, पांढरा, अंगणभर.
रामटेके पाण्याचा पाइप घेऊनच धावले.
"थांबा जी," ती म्हणाली,
"प्लास्टरही सुकताना तापते. पोरं घाबरतात.
सांगावं लागते, उतरते म्हणून."
आम्ही तिघं उभे राहिलो.
उतरला.

दुपारी बाहेर सेहेचाळीस.
कूलरसमोर ती झोपेतच कोपर खाजवत होती.
मी चिकटपट्टीचा तुकडा तोडला,
तिच्या कातडीवर दाबला
आणि काच निघेल इतपतच
ओढला.